घाटातली त्रेचाळीस मिनिटं

रेवती डुबलने तो आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला वाटलं, चुकून कुणातरी पेशंटची फाईल उघडली.

मिरजेच्या एका हॉस्पिटलात तिने सहा वर्षं मेंदूचे आलेख काढण्याचं काम केलं होतं. डोक्याला तारा लावून झोपलेल्या माणसाच्या मेंदूतून येणाऱ्या त्या मोठ्या, संथ, एकामागून एक येणाऱ्या लाटा तिच्या डोळ्यांच्या ओळखीच्या होत्या. गाढ झोप. त्यात शंकाच नव्हती. पण हा आलेख हॉस्पिटलातला नव्हता. तो डुबल रोडलाइन्सच्या सात नंबरच्या टँकरमधून आला होता आणि त्यावर वेळ होती सकाळी दहा चाळीस ते अकरा तेवीस. त्या त्रेचाळीस मिनिटांत तो टँकर चोवीस हजार लिटर स्पिरिट घेऊन कुंभार्ली घाट उतरत होता.

टँकर चालवत होते हणमंत येडगे. रेवती त्यांना मामा म्हणायची. नात्याने ते कुणी लागत नव्हते, पण तिच्या वडिलांनी पहिली गाडी घेतली तेव्हापासून ते सोबत होते. तीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नव्हता.

ती उठली, कराडजवळच्या ओगलेवाडीतल्या त्या छोट्या ऑफिसची खिडकी उघडली आणि पुन्हा येऊन बसली. पडद्यावर लाटा तशाच होत्या.

हे सगळं सुरू झालं होतं नव्या नियमामुळे. घाटातल्या मोठ्या अपघातांच्या लागोपाठ दोन वर्षांनंतर सरकारने जड वाहन सुरक्षा मंडळ नेमलं आणि मंडळाने ठरवलं, की एक जानेवारीपासून ज्या मालकाकडे सुरक्षा मान्यता नाही त्याची सोळा टनांवरची गाडी घाटात सोडायची नाही. मान्यता हवी तर ब्रेक कोण तपासतं, ड्रायव्हर किती तास झोपला, चूक दिसली तर गाडी थांबवायचा अधिकार कुणाला, हे सगळं दाखवायचं. प्रत्येक धंद्यात एक सुरक्षा अधिकारी नेमायचा. रेवतीचा मोठा भाऊ धैर्यशील धंदा बघायचा. त्याने ते काम बहिणीकडे दिलं, कारण वडील गेल्यावर ती मिरजेची नोकरी सोडून घरी आली होती आणि कागदांना कंटाळत नव्हती.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, प्रत्येक गाडीत जागल्या बसवायचा. गावाची राखण करणाऱ्या जुन्या जागल्याचं नाव कंपनीने यंत्राला दिलं होतं. पापण्यांवर नजर ठेवणारा एक कॅमेरा, स्टिअरिंगवर पकड मोजणारं आवरण, डोकं टेकायच्या उशीत मेंदूच्या लहरी टिपणारी पट्टी, आणि रस्त्याचा इंचाइंचाचा नकाशा. गाडी वीतभर जरी सरकली, ब्रेक अर्धा सेकंद जरी उशिरा लागला, तरी सीट थरथरायची. रोजच्या नोंदीवरून ड्रायव्हरला शंभरपैकी सजगता गुण मिळायचे. नव्वदच्या खाली चालत नव्हतं.

मेंदूच्या लहरी मात्र गुणांत धरल्या जात नव्हत्या. डोक्याला तेल, टोपी, फेटा, त्यामुळे ती पट्टी भरवशाची नाही असं कंपनीनेच लिहून दिलं होतं. लहरी नुसत्या साठवल्या जायच्या. रेवतीने ती फाईल उघडली ती केवळ अर्जात "मूळ नोंदी तपासल्या" असा एक रकाना होता म्हणून. न तपासता सही करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

मामांचे गुण होते सत्त्याण्णव. जिल्ह्यात सगळ्यांत जास्त.

पट्टी बिघडली असेल म्हणून तिने उशी बदलून पाहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तिने तेराही ड्रायव्हरांच्या फाईली काढल्या आणि दिवसांच्या क्रमाने लावल्या. पहिल्या आठवड्यात सगळे जागे होते. दुसऱ्यात अधूनमधून मिनिटभर लाटा संथ व्हायच्या. तिसऱ्यात दहा-दहा मिनिटं. आता चौथा आठवडा चालू होता. तेरांपैकी दहाजण रोज कुठे ना कुठे गाढ झोपत होते, डोळे टक्क उघडे ठेवून, हातात स्टिअरिंग धरून. त्या दहांचे गुण नव्वदच्या वर होते. उरलेले तिघे पूर्ण जागे होते. त्यांना बहात्तर, चौऱ्याहत्तर मिळत होते.



*

"झोप म्हणजे सगळा मेंदू एकदम बंद होणं नव्हे," डॉ. हेब्बाळकर म्हणाल्या. मिरजेत रेवती त्यांच्याच हाताखाली काम करायची. त्यांनी आलेख तीनदा पुढेमागे केला. "डॉल्फिन अर्धा मेंदू झोपवून पोहतो. थकलेल्या माणसाच्या मेंदूचेही छोटे छोटे तुकडे जागेपणी डुलकी घेतात, हे आपल्याला कधीपासून माहीत आहे. पण एवढं, इतका वेळ? हे मी पाहिलेलं नाही."

"मग गाडी कोण चालवतंय, मॅडम?"

"सवय. सवयी मेंदूच्या खोल भागात राहतात. सायकल चालवताना तू विचार करतेस का? तसंच. पण सवयीला एरवी मर्यादा असते. ती चुकते, आणि चुकली की आपण खडबडून भानावर येतो. तुमचं यंत्र काय करतंय बघ. प्रत्येक चुकीला तिथल्या तिथे थरथर. दिवसातून शेकडो वेळा. त्याने सवयीला अशी शिकवणी दिली की ती चुकेनाशीच झाली." त्यांनी चष्मा काढला. "आणि जागं राहायला मेंदूला फार शक्ती लागते गं. गरजच उरली नाही तर तो कशाला जागेल?"

"पण गाडी नीट चालतेय. मग धोका..."

"ओळखीचं आहे तोवर नीट. नवीन काही समोर आलं तर ते बघायला आत कुणीच नाही."

रेवतीने विचारलं, "हाक मारून उठवता येईल?"

"हाकेला ओ देणं हीसुद्धा सवयच. तो उत्तर देईल. बरोबर देईल. त्यावरून तुला काहीच कळायचं नाही. शरीराला एकदम, न शिकलेला धक्का बसला तर कदाचित. आणि एक ऐक. एकदा मिटायला शिकलेला भाग फक्त गाडीतच मिटेल असं नाही. घरच्यांना विचार."

*

मामांचं घर पाटण रस्त्यावर मल्हारपेठेत होतं. रेवती पोचली तेव्हा दुपारचं ऊन पडवीत आलं होतं आणि मामा शेंगा फोडत बसले होते.

"या ताई. बसा. पाणी आणा गं," ते म्हणाले. आवाज नेहमीचा, हसणं नेहमीचं.

"बरे आहात ना मामा?"

"व्हय. आपल्या आशीर्वादानं."

ती आत गेली. अनुसयामामी चुलीपाशी बसली होती, पण चूल पेटलेली नव्हती. तिने रेवतीचा हात धरून तिला दाराआड ओढलं.

"ताई, ह्यास्नी काय झालंय? खरं सांगा."

"का मामी?"

"बोलत्यात समदं बरोबर. पर त्यात ते नसत्यात." तिचा आवाज बसला होता. "परवा मी मुद्दाम भाकरी वाढलीच न्हाई. ताट रिकामं ठिवलं म्होरं. हे आपले रिकाम्या ताटात हात फिरवून तोंडाकडं न्हेत हुते. घास चावत हुते. मी वरडले, तसं हासले. म्हनाले, आमटी चांगली झालीया."

बाहेर शेंगा फुटण्याचा आवाज एका लयीत चालू होता. तिने दाराच्या फटीतून पाहिलं. टोपलीतल्या शेंगा कधीच संपल्या होत्या. मामांची बोटं टरफलं उचलून दाबत होती, टाकत होती, पुन्हा उचलत होती.

*

"मला खोटं वाटत नाही रेवा," धैर्यशील म्हणाला. दोघं ऑफिसात होती आणि त्याने दार लावून घेतलं होतं. "पण गुरुवारी तपासनीस येतोय. मामांच्या भरल्या गाडीत बसून घाट उतरणार आहे. मी काय सांगू त्याला?"

"हेच सांग. जागल्या काढून टाक सगळ्या गाड्यांतला."

"मग मान्यता नाही. अकरा गाड्या उभ्या. तेरा ड्रायव्हर घरी."

"मामांच्या जागी दुसरा तरी बसव."

"कोण? तूच म्हणतेस दहाजण तसेच आहेत. जे जागे आहेत त्यांचे गुण पुरत नाहीत." तो खुर्चीत बसला. त्याचा चेहरा उतरला होता. "हे बघ. तू बस गाडीत. सुरक्षा अधिकारी म्हणून तुला बसताच येतं. लहरी मोबाईलवर दिसतात ना? त्या बदलल्या की गाडी बाजूला घ्यायला लाव. चहा प्यायला म्हण, काहीही म्हण. एक घाट, रेवा. मान्यता हातात आली की मी स्वतः मंडळाकडे येतो तुझ्याबरोबर."

तिने नाही म्हणायला हवं होतं. पुढे कित्येक दिवस ती स्वतःला हेच सांगत राहिली. पण समोर भाऊ बसला होता, आणि वडिलांच्या मागे त्याने हा धंदा कसा धरून ठेवला ते तिने पाहिलं होतं. "बाजूला घे म्हटलं की घ्यायची," ती म्हणाली. तो मान हलवून हो म्हणाला.

*

तपासनीस आपटेकर मंडळाकडून आलेला, चाळिशीचा, बोलका गृहस्थ होता. केबिनमध्ये मागच्या बाकावर तो टॅब घेऊन बसला आणि रेवती मामांच्या शेजारी. सव्वाआठला ते निघाले. उसाच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत गाडी पाटणच्या पुढे गेली, कोयनानगर गेलं. रेवती सारखी बोलत होती. मामा, नात कितवीला गेली? मामा, गुडघा कसा आहे? ते उत्तरं देत होते. मोबाईलवरच्या लहरी बारीक, दाट, खरखरीत होत्या. जाग्या माणसाच्या. तिला जरा धीर आला.

घाटाच्या तोंडाशी पहिलं वळण घेतलं आणि लहरी मोठ्या होऊ लागल्या.

तिने मोबाईल मुठीत दाबला. "मामा," ती म्हणाली.

"व्हय ताई."

"थोडी गाडी बाजूला घ्या. चहा घेऊ."

"घिऊ की," मामा म्हणाले. गाडी चालतच राहिली. वेग अठरा, एका रेषेत.

"काय हात आहे हो यांचा," मागून आपटेकर म्हणाला. "ब्रेकचा एक धक्का लागत नाही. अठ्ठ्याण्णव दाखवतंय."

तिने मागे वळून त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द जिभेवर आले. पण दुसरं वळण सुंदर निघालं, तिसरंही, आणि तिच्या मनात आलं, इतके दिवस उतरलेच की ते, आजही उतरतील. त्या विचाराने ती चौथ्या वळणापर्यंत गप्प राहिली.

चौथ्या वळणानंतर रस्त्याच्या कडेला एक पत्रा उभा केला होता. त्यावर चुन्याने लिहिलं होतं, "रस्ता खचला आहे. सावकाश." आदल्या दिवशी दरीकडची बाजू खचली होती. पुढे लाल-पांढरी पिंपं लावून सगळी वाहतूक डोंगराच्या बाजूने वळवली होती. पिंपांच्या आत आठ-दहा बाया-माणसं दगड रचत होती, आणि पुढे एक झेंडेवाला हिरव्या झेंड्याने डोंगराची बाजू दाखवत होता.

मामा दोन दिवस या रस्त्याने आले नव्हते.

"मामा, पुढं काम चाललंय," ती म्हणाली.

"व्हय ताई."

"डोंगराच्या अंगानं घ्या."

"घेतो की."

स्टिअरिंग हललं नाही. गाडी आपल्या नेहमीच्या जागेवरून, नकाशात आखल्यासारखी, सरळ पिंपांकडे निघाली होती. सीट थरथरत नव्हती. जागल्याच्या हिशेबाने सगळं बरोबर होतं. रेवतीने मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे समोर, पापण्या मधूनमधून मिटत होत्या, ओठांवर थोडं हसू. झेंडेवाला आता झेंडा आडवा करून नाचवत होता. तो ओरडत होता, पण काचेतून ऐकू येत नव्हतं. दगड रचणारी एक बाई ताठ झाली आणि पाटी तिच्या हातातून पडली.

"अहो, हे काय!" आपटेकर ओरडला.

रेवतीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग डोंगराकडे ओढलं. मामांचे हात घट्ट होते. सवयीचे हात. ते तिच्या ताकदीविरुद्ध गाडी पुन्हा आपल्या रेषेत आणत होते. तिने स्टिअरिंग सोडलं, त्यांच्या आडवी झाली आणि हँडब्रेकचा खटका ओढला.

मागची चाकं जागीच अडकली. टँकर किंचाळत घसरला, आतल्या स्पिरिटची लाट पुढे येऊन आदळली आणि तिने पंचवीस टनांना आणखी रेटलं. दोन पिंपं उडाली. जळक्या रबराचा वास केबिनमध्ये भरला. रेवतीला फक्त एकच गोष्ट सुचत होती, की ठिणगी पडू नये, ठिणगी पडू नये. मग गाडी थांबली. पुढचं डावं चाक खचलेल्या कडेवर होतं आणि त्याच्याखालून बारीक दगड सुटून दरीत जात होते.

बाया लांब पळाल्या होत्या. झेंडेवाल्याला एक पिंप लागलं होतं. तो गटारात बसून मोडलेला हात दुसऱ्या हाताने धरून होता.

मामांच्या पापण्या वेगाने फडफडल्या. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, रेवतीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही कवा बसला गाडीत?"

तिने त्यांचे हात स्टिअरिंगवरून सोडवले.

"आज सोमवार न्हवं?"

*

क्रेन येईपर्यंत आपटेकर रस्त्याकडेच्या दगडावर बसून होता. रेवतीने त्याला सगळं सांगितलं, आलेख दाखवले. त्याने आपला टॅब तिच्यापुढे धरला. ड्रायव्हरचे गुण अठ्ठ्याण्णव. शेवटी एक ओळ तांबड्या अक्षरांत होती. प्रवाशाचा हस्तक्षेप, वाहन मार्गावरून ढळले.

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं," तो म्हणाला. "मी तसं लिहीन. पण वर हाच आकडा बघतात, बाई."

त्याने लिहिलं. रेवतीनेही सगळ्या मूळ नोंदी मंडळाला पाठवल्या. तक्रारअर्जावर धैर्यशीलने सही केली नाही, म्हणून तिने सुरक्षा अधिकारी म्हणून एकटीने केली. त्याच दिवशी तिने अकरा गाड्यांतले जागल्या काढून ऑफिसच्या पडवीत रचून ठेवले. डुबल रोडलाइन्सला मान्यता मिळाली नाही. एक जानेवारीला गाड्या आवारात उभ्या राहिल्या. भाऊ तिच्याशी कामापुरतं बोलायचा. दोनदा ती झेंडेवाल्याला भेटायला दवाखान्यात गेली. पहिल्या वेळी त्याने तोंड फिरवलं, दुसऱ्या वेळी 'बसा' म्हणाला.

तीन आठवड्यांनी मंडळाचं पत्र आलं. तक्रारीची नोंद घेतली आहे, कंपनी यंत्रात सुधारणा करत आहे, तोवर सध्याची गुणपद्धत चालू राहील.

मामांचे आलेख डॉ. हेब्बाळकर दर आठवड्याला काढत होत्या. जागल्या सुटल्यापासून संथ लाटा कमी होत चालल्या होत्या, पण गेल्या नव्हत्या. गाडी चालवायची नाही असं ठरलंच होतं. मामांनी स्वतःहून आणखी पुष्कळ सोडलं. विळी हातात घेत नव्हते. नातीला उचलत नव्हते. चहाची कपबशी समोर आली की आधी बोट बुडवून बघायचे, खरंच चहा आहे का.

एकदा पडवीत बसले असताना त्यांनी रेवतीला विचारलं, "ताई, मंगळवार-बुधवार मी घरी हुतो म्हनं. जेवलो, झोपलो, नातीला खेळवलं."

"हो मामा."

"त्यातलं कायबी आठवत न्हाई मला." त्यांनी आपले हात उलटेपालटे करून पाहिले. "मग नातीला घिऊन बसला हुता, त्यो कोन हुता?"



त्या दिवशी परत येताना ती विटा रस्त्यावर बसमधून उतरली. ऑफिस रस्त्याच्या पलीकडे होतं. लखलखीत ऊन होतं. पश्चिमेकडून गाड्या येत होत्या, टँकर, ट्रेलर, सिमेंटचे बल्कर, सगळ्यांच्या काचेवर मान्यतेची हिरवी पट्टी. पूर्वी या रस्त्यावर हॉर्नचा नुसता गोंधळ असायचा. आता कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, कुणी ओलांडून पुढे जात नव्हतं. एका अंतराने, एका वेगाने, पट्ट्याच्या मधोमध त्या येत होत्या आणि जात होत्या.

ती पाऊल पुढे टाकणार तोच एक मोठा ट्रेलर हळू झाला आणि पादचाऱ्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे येऊन थांबला. ड्रायव्हर तरुण होता, नीट दाढी केलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने हात वर केला. त्यानेही हात वर केला, हसला, आणि जा म्हणून खूण केली.

रेवती त्याच्या उघड्या डोळ्यांकडे बघत राहिली. इंजिन चालू होतं. मागच्या गाड्या एकेक करून थांबत होत्या, प्रत्येकीत एक चेहरा, प्रत्येक चेहरा समोर बघणारा. त्याने पुन्हा हात हलवला, अगदी पहिल्यासारखाच, आणि पुन्हा हसला.

ती रस्त्याच्या कडेलाच उभी राहिली.